जुना एफएम ट्यूनर : काटा पुढे, स्टेशन सरकतंय, मागे घूं आवाज. कोणता कोअर फिरवू?

निळी डायल

नमस्कार मंडळी,

सत्तरच्या दशकाच्या शेवटचा एक एफएम-एएम ट्यूनर सेकंडहँड घेतला आहे. नुसता ट्यूनर, त्यात अँप्लिफायर नाही. लाकडी पेटी, पुढे लांबलचक निळी काच, दोन मीटर (एक सिग्नलचा, दुसरा मधोमध शून्य असलेला) आणि जड चक्राची मोठी नॉब. ती बोटाने ढकलली की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्याच वजनावर जातो. एखादं स्टेशन नीट लागलं की गाणारीचा श्वासही ऐकू येतो, इतका आवाज स्वच्छ आहे. त्यामुळे हा पूर्ण बरा व्हावा असं फार वाटतंय.

तक्रारी अशा. काटा चुकीच्या जागी दाखवतो, ९३.५ चं स्टेशन ९४.१ च्या आसपास लागतं. नॉब फिरवताना मध्येच खर्रकन आवाज येतो आणि लावलेलं स्टेशन थोड्या वेळाने सरकतं. पाठीमागे घूं असा बारीक आवाज सतत आहे. उजवा चॅनेल डाव्यापेक्षा हळू. स्टिरिओचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो.

झाकण काढून बसले आहे. पुढच्या बाजूला पत्र्याची डबी आणि तिच्यात गँग (नॉबबरोबर फिरणारा पट्ट्यांचा कंडेन्सर), मागे चौकोनी छोट्या डब्या, त्यांच्या तोंडाशी पिवळे, गुलाबी, निळे कोअर (कॉइलच्या आत स्क्रूसारखे फिरणारे तुकडे). बोर्डवर काही गोल प्रीसेट (जुळणीसाठी फिरवायचे छोटे रेझिस्टर). एका व्हिडिओत सांगितलंय की एकेक कोअर फिरवत सिग्नलचा मीटर जास्तीत जास्त वर आणायचा. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आणि २५ वॅटची सोल्डरिंग आहे. सिग्नल जनरेटर नाही, स्कोप नाही. सुरुवात कोणत्या कोअरपासून करू?

तारयंत्र

कोअरच्या आधी विजेचं बघा. मागे व्होल्टेज निवडायचा स्विच आहे का आणि तो तुमच्या पुरवठ्यावर आहे का, ते पाहा. त्या काळी जपानमध्ये विकलेले ट्यूनर १०० व्होल्टचे असायचे आणि त्यांची डायल ७६ ते ९० असायची. तुमची ८८ ते १०८ दिसतेय, म्हणजे तो प्रश्न नसावा, पण स्विच तपासाच.

दुसरं, पहिले काही दिवस ट्यूनर सिरीज बोर्डवरून चालवा. ४० वॅटचा फिलामेंटचा बल्ब फेजच्या मालिकेत. असा ट्यूनर १०-१५ वॅट खातो, त्यामुळे बल्ब क्षणभर चमकून मंद व्हायला हवा. भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. आणि पॉवर स्विच, फ्यूज, ट्रान्सफॉर्मरची पहिली बाजू इथे मेन्सचा दाब उघडा असतो. प्लग काढल्याशिवाय तिकडे हात नाही.

बाकावरून

ताई, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. एकही कोअर फिरवायचा नाही, निदान आज तरी नाही.

कारखान्यात तो कोअर कुणीतरी जनरेटर आणि स्कोप समोर ठेवून जागेवर बसवला आहे आणि वरून मेणाचा थेंब सोडला आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो आपणहून हलत नाही. हलला असेल तर माणसाच्या हातानेच. म्हातारपण येतं ते दुसऱ्या गोष्टींना : धातूवर धातू घासतो ते संपर्क, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, कोरडे पडलेले डाख, डायलची दोरी. तुमच्या तक्रारी वाचल्या तर जवळजवळ सगळ्यांची मुळं तिथेच दिसतात. कोअर फिरवून मीटर थोडा वर येतोही, पण दोष तसाच राहतो. पुढे खरा दोष सापडतो, तोवर मूळ जागा कुणालाच माहीत नसते. माझ्या बाकावर येणाऱ्या ट्यूनरांत सगळ्यात जास्त वेळ खाणारा असतो तो आधी कुणीतरी सगळे कोअर ‘जरा फिरवून बघितलेला’. व्हिडिओतली पद्धत नव्याने बांधलेल्या सेटसाठीही अपुरी आहे, जुन्यासाठी तर घातकच.

आधी काटा. डायलच्या खालच्या टोकाचं, मधलं आणि वरच्या टोकाचं अशी तीन स्टेशनं घ्या, ज्यांची फ्रीक्वेन्सी तुम्हाला नक्की माहीत आहे. प्रत्येक ठिकाणी काटा किती पुढे-मागे आहे ते लिहून काढा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर ऑसिलेटर (स्टेशन निवडण्यासाठी ट्यूनर आतच एक फ्रीक्वेन्सी तयार करतो, तो भाग) ठणठणीत आहे, फक्त काटा दोरीवर सरकलाय. तो दोरीला एका चिमट्याने आणि रंगाच्या थेंबाने धरलेला असतो. गँग पूर्ण बंद करा, म्हणजे फिरत्या पट्ट्या स्थिर पट्ट्यांत पूर्ण आत. अशा वेळी काटा डायलच्या अगदी डावीकडच्या खुणेवर थांबायला हवा. नसेल तर तो रंगाचा थेंब खरवडून काटा दोरीवर सरकवायचा, झालं काम. पण खालच्या टोकाला फरक एक आणि वरच्या टोकाला भलताच असेल, तर मात्र ऑसिलेटरकडे पाहावं लागेल. हे तीन आकडे घेतल्याशिवाय ऑसिलेटरच्या कॉइलकडे बघायचंसुद्धा नाही.

मग गँग. खर्रकन आवाज आणि सरकणारं स्टेशन हे बहुतेक वेळा एकच दुखणं असतं. गँगच्या फिरत्या दांड्याला प्रत्येक कप्प्यापाशी पितळी किंवा ब्राँझची एक स्प्रिंग टेकलेली असते. फिरत्या पट्ट्यांना चासीशी जोडते ती हीच. मूळचं ग्रीस वाळून तिथे काळा थर बसतो. मग तो जोड कधी पूर्ण, कधी अर्धवट. ऑसिलेटरच्या कप्प्यात ओहमचा थोडासा फरक पडला तरी १०० मेगाहर्ट्झला स्टेशन उडी मारतं. काडीच्या टोकावर कापसाचा धागा गुंडाळा, त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब घ्या आणि तो नेमका त्या स्प्रिंगखाली सोडा. गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवा, काळं निघेल ते पुसा, पुन्हा थेंब. शेवटी दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगला ग्रीसचा अगदी छोटा ठिपका.

स्प्रेची नळी गँगवर धरून फवारा मारू नका. पट्ट्यांमध्ये थर राहिला तर कपॅसिटन्स बदलतो. शिवाय जवळपास पारदर्शक, चंदेरी पॉलिस्टायरीन कंडेन्सर असतील तर अॅसिटोन किंवा थिनरने ते विरघळतात. पट्ट्यांवरची धूळ मऊ कुंचल्याने, तीही हळू. गँगच्या कडेच्या पट्टीला चिरा दिसतील आणि तिची पानं थोडी वाकडी दिसतील. ती सरळ करायची नाहीत, ट्रॅकिंगसाठी, म्हणजे सगळे कप्पे पूर्ण डायलभर एकमेकांशी जुळून चालावेत म्हणून, ती कारखान्यातच तशी वाकवलेली आहेत.

घूं आवाजासाठी रेग्युलेटरनंतरची (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागानंतरची) लाइन मोजा. अशा ट्यूनरमध्ये ती साधारण १२ ते १४ व्होल्ट असते. सर्किट मिळालं तर त्यावरचा आकडा खरा. मग मीटर एसीवर टाका, लाल प्रोबच्या मालिकेत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर धरा म्हणजे डीसी अडेल, आणि त्याच लाइनवर एसी किती उरलाय ते बघा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर फिल्टरचे कंडेन्सर वाळलेत. एक बारकावा : आवाज दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत येतो की स्टेशन लागल्यावरच? स्टेशनवरच येत असेल तर लाइनवरचा एसी ऑसिलेटरला हलवतोय आणि एफएम डिटेक्टर (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा भाग) ते हलणं इमानदारीने ऐकवतोय.

उजव्या चॅनेलसाठी मोनोचं बटण दाबा. मोनोतही उजवा हळू असेल तर दोष डिकोडरच्या (स्टिरिओचे डावा-उजवा वेगळे करणाऱ्या भागाच्या) पुढे आहे : जोडणारा कंडेन्सर, म्युटिंगचा (दोन स्टेशनांमधला खळखळाट दाबणारा) ट्रान्झिस्टर, मागची काळी पडलेली जॅक किंवा मोनो-स्टिरिओ स्विचचे संपर्क. मोनोत दोन्ही सारखे झाले तर डिकोडरकडे वळायचं.

एवढं करा आणि आकडे लिहा. डिटेक्टरजवळच्या आयसीचा नंबरही कळवा.

निळी डायल

काका, मनापासून आभार. सगळं केलं.

८९ च्या, ९६ च्या आणि १०६ च्या आसपासची स्टेशनं घेतली. तिन्हीकडे काटा ०.६ ने पुढे. गँग बंद केल्यावरही तो डावीकडच्या खुणेच्या तेवढाच पुढे थांबत होता. आता दोरीवर मागे सरकवला आहे, तिन्ही स्टेशनं जागेवर आली.

गँगच्या स्प्रिंगखालून खरंच काळं निघालं. खर्र आवाज पूर्ण गेला. सरकणंही, सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर, थांबलं.

रेग्युलेटरनंतर १३.१ व्होल्ट डीसी, पण एसी ६० मिलिव्होल्ट. घूं आवाज स्टेशन लागल्यावर जास्त. मोनोतही उजवा हळूच आहे.

आयसीवर एचए ११३७ डब्ल्यू लिहिलंय. आणि एक नवीन दिसलं : सिग्नलचा मीटर सगळ्यात वर असतो तेव्हा मधल्या शून्याचा मीटर मधोमध नसतो, डावीकडे असतो. शून्यावर आणलं तर सिग्नल थोडा उतरतो आणि ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात.

फ्लक्स

सोल्डरिंग तापलेलीच आहे तर सगळे कंडेन्सर एका बैठकीत बदलून टाका. मी जुना सेट घेतला की सरसकट बदलतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या कंडेन्सरवर विश्वास का ठेवायचा? एकेक शोधत बसण्यापेक्षा ते सोपं.

बाकावरून

फ्लक्स, अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायसाठी तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ट्यूनरसाठी नाही, आणि का ते सांगायला हवं. ‘सगळे कंडेन्सर’ असं ऐकून कुणी पुढच्या डबीतले सिरॅमिकही उपटले तर तो ट्यूनर घरच्या घरी परत जुळत नाही.

ऑसिलेटरच्या कॉइलजवळ काही छोट्या सिरॅमिक चकत्या असतात, एखादीच्या डोक्यावर जांभळा रंग असतो. तो एन ७५० जातीचा कंडेन्सर. तापमान एक अंश वाढलं की त्याची किंमत दहा लाखांत ७५० भागांनी उतरते, मुद्दाम. आत गरम होताना कॉइल एका दिशेला सरकते, हा दुसऱ्या दिशेला ओढतो आणि स्टेशन जागेवर राहतं. त्याच्या जागी त्याच मूल्याचा, ‘जास्त चांगला’ स्थिर कंडेन्सर घातला की ट्यूनर तापेल तसा पळू लागतो. तसाच डिकोडरजवळचा पॉलिस्टायरीन. हे दोन्ही वयाने सहसा बिघडत नाहीत. हात लावायचं कारण नाही.

म्हणून ताई, बदलायचे ते असे. पॉवर सप्लायचे सगळे इलेक्ट्रोलिटिक, रेग्युलेटर ट्रान्झिस्टरच्या बेसवरचा छोटा धरून. ६० मिलिव्होल्टचा संशय मला मोठ्या फिल्टरइतकाच या छोट्यावर आहे. मूल्य तेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचे. मग दोन्ही चॅनेलचे आउटपुटला जोडणारे, जोडीने, म्हणजे डावा-उजवा पुन्हा वेगळे पडणार नाहीत. प्लस-मायनस बोर्डवर छापलेलं असतं, तरी काढण्याआधी फोटो घ्या. छापील खूण चुकलेले बोर्ड मी पाहिले आहेत. रेग्युलेटर ट्रान्झिस्टरचे पाय भिंगातून बघा. तिथे उष्णतेने डाखाभोवती बारीक गोल चीर पडते. जुना डाख शोषून काढून नवा द्या.

इतर छोटे ट्रान्झिस्टर आहेत त्यांचे पाय काळे पडलेत का तेही बघून ठेवा. त्या काळच्या काही जातींचे पाय काळवंडतात आणि मग ते फसफस, चटचट आवाज करतात. आवाज नसेल तर राहू द्या.

आता मधल्या शून्याचा मीटर. इथे पहिल्यांदा कोअरला हात लावायचं खरं कारण मिळालं आहे. पण कंडेन्सर बदलून, पुन्हा मोजून, मगच.

एचए ११३७ डब्ल्यू म्हणजे सीए ३०८९ च्या घराण्यातली क्वाड्रॅचर डिटेक्टरची आयसी. तिच्या शेजारच्या डबीतली कॉइल ठरवते की डिटेक्टरचं शून्य कोणत्या फ्रीक्वेन्सीला येणार. पुस्तकात आयएफ (कुठलंही स्टेशन आत ज्या एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणतात ती) १०.७ मेगाहर्ट्झ असते, पण तुमच्या ट्यूनरची खरी आयएफ ठरवतात ते सिरॅमिक फिल्टर, आणि ते नेमके १०.७ ला नसतात. त्यांच्यावर रंगाचा ठिपका असतो : लाल म्हणजे १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३, काळा १०.६४, पांढरा १०.७६. एका ट्यूनरमध्ये सगळे एकाच रंगाचे हवेत. डिटेक्टर जुळवायचा तो या फिल्टरांच्या मध्याला. जनरेटरवर १०.७ लावून डिटेक्टर त्याच्याशी जुळवला आणि फिल्टर मात्र निळ्या ठिपक्याचे असले, तर तुम्हाला आत्ता दिसतंय तेच होतं : शून्य एकीकडे, सिग्नल दुसरीकडे, आणि ‘स’ फाटतो.

सुदैवाने हे काम जनरेटरशिवाय फार सुंदर होतं. ट्यूनर झाकण ठेवून तासभर तापू द्या. अँटेना काढा, म्युटिंग बंद, एएफसी (स्टेशन आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर तीही बंद, आणि जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवा. नुसता खळखळाट ऐकू येईल. हा खळखळाट सगळ्या फ्रीक्वेन्सींचा सारखाच असतो. फिल्टरमधून गाळून येतो तेव्हा त्याचा मध्य म्हणजेच फिल्टरांचा मध्य. म्हणजे नुसत्या खळखळाटावर मधला मीटर मधोमध यायला हवा. मल्टिमीटर आयसीच्या ७ आणि १० नंबरच्या पायांमध्ये लावा, डीसीवर. शून्य व्होल्ट हवेत. प्रोब घसरून शेजारचे पाय जोडले जाऊ नयेत म्हणून तारेचे तुकडे डाख देऊन बाहेर काढा.

आता कोअर. त्याच्या आत्ताच्या जागेची पेन्सिलने खूण करा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालणार नाही. एक तर लोखंड जवळ आलं की कॉइलची किंमत बदलते, काढलं की परत बदलते, आणि दुसरं म्हणजे फेराइटचा कोअर तडकतो, तडकला की आतच पाचर बसते. प्लॅस्टिकची विणायची सुई टोकाला घासून चपटी केली की उत्तम हत्यार होतं. कोअर घट्ट असेल तर जोर नको. ड्रायरची ऊब लांबून द्या, मेण मऊ होईल. एका डबीत दोन कोअर दिसले, किंवा शेजारी शेजारी दोन डब्या, तर ज्याने शून्य सरकतं तोच फिरवायचा. दुसरा विकृती कमी करण्यासाठी असतो आणि डिस्टॉर्शन मीटर नसताना त्याला स्पर्शही करायचा नाही. पाव फेऱ्याच्या आतच काम व्हायला हवं.

झालं नाही, म्हणजे कोअर पूर्ण आत गेला तरी शून्य येत नाही, किंवा मध्येच उडी मारतं, तर डबी काढून तिचं बूड बघा. त्यात एक बारीक नळीसारखा कंडेन्सर असतो. त्याच्यावरची चांदी काळी पडली असेल तर दोष तिथे. तो हळूच फोडून काढायचा आणि बोर्डच्या खालून त्याच मूल्याचा सिरॅमिक लावायचा. ज्या कॉइलला फिरवून दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये शिखर सापडत नाही, तिचा कंडेन्सर गेलेला असतो, कोअर नव्हे.

बाकीच्या आयएफ डब्या? आहेत तिथे राहू द्या.

तारयंत्र

काटा जागेवर आलाच आहे, तरी ऑसिलेटर तपासायची एक युक्ती लिहून ठेवतो. जनरेटर नसलेल्यांना फार उपयोगी आहे.

८८-१०८ च्या बहुतेक ट्यूनरमध्ये ऑसिलेटर स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वर चालतो. ट्यूनर ९० वर असेल तर आत १००.७ मेगाहर्ट्झ तयार होत असतात आणि थोडे बाहेरही सांडतात. आकडे दाखवणारा छोटा डिजिटल रेडिओ शेजारी ठेवा आणि १००.७ वर लावा. ट्यूनरचा काटा ९० वरून नेताना त्या रेडिओचा खळखळाट एकदम शांत होईल. तो क्षण म्हणजे ट्यूनर खरोखर ९० वर आहे. असं ९७.३ पर्यंत तपासता येतं, कारण त्याच्या वर ऑसिलेटर १०८ च्या पलीकडे जातो. वरच्या टोकासाठी माहीत असलेली स्टेशनं वापरायची.

एएमवरही हेच, फक्त फरक ४५५ किलोहर्ट्झचा. ट्यूनर ६०० वर, तर दुसरा रेडिओ १०५५ वर.

संगणकाला लावायचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डाँगल असेल तर आणखी छान. ऑसिलेटरची रेघ पडद्यावर दिसते आणि तापताना ती किती किलोहर्ट्झ सरकते तेही मोजता येतं.

बाकावरून

ही युक्ती मी रोज वापरतो. ज्यांच्या डायलचा फरक दोन टोकांना वेगळा निघतो त्यांच्यासाठी पुढचं वाक्य : खालच्या टोकाला कॉइल, वरच्या टोकाला ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा कंडेन्सर). ९० च्या आसपास कॉइलने जुळवा, १०६ च्या आसपास ट्रिमरने, आणि दोन्ही एकमेकांना हलवतात म्हणून दोन्ही टोकं जागेवर बसेपर्यंत आलटून पालटून. मग अँटेना आणि आरएफचे ट्रिमर त्याच क्रमाने, सिग्नल मीटर पाहत. पण त्यासाठी स्टेशन दुबळं हवं. जोरदार स्टेशनवर मीटर आधीच टोकाला असतो आणि शिखर कळत नाही. अँटेनाऐवजी हातभर तार लावली की पुरे. डबीचं झाकण लावून, झाकणाच्या भोकातूनच फिरवा. झाकण उघडं असताना केलेली जुळणी झाकण लावल्यावर हलते.

निळी डायल

काका, पॉवर सप्लायचे आणि आउटपुटचे कंडेन्सर बदलले. लाइनवरचा एसी ६० वरून ३ मिलिव्होल्टवर आला, घूं आवाज गेला. रेग्युलेटरच्या एका पायाभोवती तुम्ही म्हणालात तशी गोल चीर होती. दोन्ही चॅनेल आता सारखे.

फिल्टरांवर सगळीकडे निळा ठिपका आहे! खळखळाटावर ७ आणि १० मध्ये ०.४ व्होल्ट येत होते. सुई घासून कोअर जेमतेम हलवला, शून्य आलं. आता मधला मीटर शून्यावर असतानाच सिग्नल सर्वात वर असतो. ‘स’ फाटत नाही.

राहिला स्टिरिओचा दिवा. जवळच्या स्टेशनांवर स्थिर आहे, लांबच्यांवर लुकलुकतो. आधी मी अँटेना म्हणून हातभर वायरच लावलेली होती.

बाकावरून

छान काम झालंय. ०.४ व्होल्ट एवढ्यानेच किती फरक पडतो ते तुम्ही कानाने ऐकलंत.

दिव्याच्या आधी हे समजून घ्या. १९६१ साली अमेरिकेत मंजूर झालेली आणि पुढे जगभर पसरलेली स्टिरिओ पद्धत अशी आहे : डावा अधिक उजवा हा सिग्नल नेहमीसारखा जातो, म्हणून मोनो रेडिओही चालतो. डावा वजा उजवा हा ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, २३ ते ५३ च्या पट्ट्यात बसवतात. सोबत १९ किलोहर्ट्झचा बारीकसा पायलट, म्हणजे खुणेचा सूर. तुमच्या डिकोडरमधला ऑसिलेटर त्या पायलटला पकडतो आणि ३८ पुन्हा तयार करतो. पायलट पकडला की दिवा लागतो. तो पट्टा वर असल्यामुळे त्यात खळखळाट जास्त भरतो. दुबळ्या स्टेशनावर स्टिरिओत मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबल जास्त. म्हणजे लांबच्या स्टेशनवर दिवा लुकलुकणं हा निम्मा प्रश्न हातभर वायरचाच आहे. अँटेना लावा, मग बघा.

तरी डिकोडर तपासून घ्या. बहुतेक पीएलएल (आपला ऑसिलेटर पायलटशी जुळवून धरणाऱ्या) डिकोडरांत ऑसिलेटर ७६ किलोहर्ट्झवर चालतो आणि बोर्डवर १९ किंवा ७६ चा टेस्ट पॉइंट दिलेला असतो. तुमच्या मल्टिमीटरवर हर्ट्झ असेल तर तिथे लावा. पण अँटेना काढून, म्युटिंग चालू ठेवून. स्टेशन लागलेलं असेल तर तो पायलटला चिकटलेला असतो आणि प्रीसेट कुठेही असला तरी १९.०० च दाखवतो. स्टेशन नसताना १९ च्या जवळ हवा. लांब असेल तर प्रीसेटची जागा खूण करून ठेवा, मग तो थोडा मागे-पुढे घासा, त्याच्या कार्बनवरही तोच काळा थर असतो. त्यानंतर १९.०० वर आणा.

मीटरवर हर्ट्झ नसेल तर मध्यम जोराचं स्टेशन लावून प्रीसेट एका बाजूला दिवा विझेपर्यंत न्यायचा, मग दुसऱ्या बाजूला विझेपर्यंत, आणि दोन्ही जागांच्या बरोबर मध्ये ठेवायचा. हे पुरेसं अचूक होतं. सेपरेशनचा (डावा-उजवा किती वेगळे राहतात त्याचा) वेगळा प्रीसेट असेल तर त्याला हात नको. त्यासाठी फक्त एकाच चॅनेलवर आवाज असलेला सिग्नल लागतो.

एक शेवटचं, तुमच्या ट्यूनरच्या मागे ‘डी-एम्फसिस’ लिहिलेला स्विच आहे का बघा. स्टेशन वरचे स्वर वाढवून पाठवतं, ते ट्यूनरमध्ये तेवढेच उतरवण्यासाठी तो असतो. अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, युरोप-भारतासकट बऱ्याच देशांत ५०. चुकीच्या बाजूला असेल तर वरचे स्वर दबलेले किंवा टोचणारे वाटतात, आणि लोक त्यासाठी उगाच ट्यूनर उघडतात. स्विच नसेल आणि आवाज दबका वाटत असेल तर डिकोडरच्या पुढचे दोन छोटे कंडेन्सर मूळ मूल्याच्या दोन-तृतीयांशाचे लावायचे.

तारयंत्र

अँटेनाचं मी सांगतो. दोन तारा, प्रत्येकी ७३ सेंटिमीटर, एका रेषेत आडव्या, मध्ये तोडून तिथून ७५ ओहमची केबल. ही ९८ मेगाहर्ट्झची अर्ध्या तरंगलांबीची द्विध्रुव अँटेना झाली, सगळ्या बँडला पुरते. तारांची बाजू स्टेशनकडे, टोकं नव्हे. ट्यूनरच्या मागे ७५ ओहमची जागा असेल तर केबल थेट तिथे. फक्त ३०० ओहमचे दोन स्क्रू असतील तर मध्ये १ ला ४ चा बलून (ओहम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावा. टीव्हीच्या जुन्या अँटेनांबरोबर यायचा तोच चालतो.